पाकिटावर "५० बिया" लिहिलं होतं, तिथंच कळायला हवं होतं

आधीच सांगते, हावरटपणा माझाच. हायड्रेंजियाचं वेड मला बरीच वर्षं आहे, ते फुटबॉलसारखे निळे गुच्छ, आणि रात्री झोपताना मोबाईल चाळत असताना ते समोर आले की डोकं बंद आणि बोट चालू. फोटोत एकाच झुडपावर निळा, जांभळा, गुलाबी, लाल आणि चक्क हळदीसारखा पिवळा असे सगळे गुच्छ होते. खाली लिहिलेलं, सप्तरंगी हायड्रेंजिया, ५० बिया, उगवण खात्रीशीर, ९० दिवसांत फुलं. साडेचार स्टार. मी एक सप्तरंगी आणि एक नुसतं निळं अशी दोन पाकिटं मागवली, वर घरच्यांना सांगितलं की कुंड्यांची जागा मोकळी करून ठेवा.

बिया आल्या. काळ्याभोर, चकचकीत, गोल, मोहरीपेक्षा बारीक. मोजल्या तर खरंच ५०च्या आसपास भरल्या आणि मला वाटलं वा, माणूस प्रामाणिक आहे. दोन्ही पाकिटांतल्या बिया अगदी सारख्याच होत्या पण म्हटलं रंग वेगळा असला तरी जात एकच ना, मग बी सारखंच असणार. आपण स्वतःला कसं पटवतो बघा.

सोबतच्या कागदावर होतं, १ सेंटिमीटर खोल पेरा, सावलीत ठेवा, रोज पाणी घाला, २१ ते ३० दिवस धीर धरा. चौथ्या दिवशीच कोंब वर! मी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकले, लोकांनी अभिनंदन पण केलं. रोपं तर अशी सुसाट वाढली की मी रोज टेप घेऊन मोजायचे. साधारण महिन्याभरात खोड लालसर झालं आणि एक दिवस वाळकं पान काढायला गेले तर बोटात कचकन काहीतरी घुसलं. पानाच्या बेचक्यात दोन दोन काटे. हायड्रेंजियाला काटे?

मावशीला व्हिडिओ कॉल केला. तिनं चष्मा वर केला, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाली, "अगं, हा काटेमाठ आहे. मी हा उपटून टाकते, तू विकत घेतलास?"

नंतर तिनं जे सांगितलं ते मला आधी माहीत असतं तर पाकीट हातात आल्या आल्या कळलं असतं, म्हणून इथं लिहितेय. हायड्रेंजियाचं बी मोजून देण्यासारखं नसतंच. ते अक्षरशः धूळ असतं, तपकिरी, श्वास सोडला तरी उडेल असं. बोंड असतं छोट्या सुरईसारखं, त्यात ही धूळ भरलेली. (हायड्रेंजिया हे नाव ग्रीकमधल्या पाणी आणि भांडं या दोन शब्दांवरून आलंय, मला वाटायचं झाडाला पाणी फार लागतं म्हणून, तर ते या बोंडाच्या आकारावरून आहे.) आणि इतकं बारीक बी १ सेंटिमीटर मातीखाली गाडलं तर ते वर येणारच नाही, त्याला उजेड लागतो, मातीवर नुसतं भुरभुरायचं असतं. म्हणजे खरं बी असतं तरी त्या कागदाप्रमाणे वागून मी मारलंच असतं. पानं पण बघायची, हायड्रेंजियाची समोरासमोर जोडीनं येतात आणि कडा करवतीसारखी असते. माझ्या रोपांची एकाआड एक आणि कडा सपाट.

रंगाचं तर सगळंच थोतांड. निळा-गुलाबी बदलतो तो प्रामुख्याने मॅक्रोफायला नावाच्या प्रकारात, आणि ते बी नाही ठरवत, बरंचसं माती ठरवते. मातीचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकी माती आंबट), साधारण ५.५च्या खाली असेल आणि मातीत अ‍ॅल्युमिनियम असेल तर निळा, ६.५च्या वर गेला की झाडाला ते घेता येत नाही मग गुलाबी. पांढरी जात असेल तर काहीही घाला, ती काही निळी होत नाही. एकाच झाडावर काही गुच्छ निळे काही गुलाबी असं कधीकधी दिसतं, पण हळदीसारखा पिवळा कुठून आणणार? त्यात नावाजलेल्या जाती बियांपासून जशाच्या तशा येत नाहीत, त्या कटिंगनंच, म्हणजे फांदी कापून लावूनच वाढवतात. म्हणजे "निळ्या हायड्रेंजियाचं बी" ही वस्तूच कुणी खात्रीनं विकू शकत नाही. आणि ९० दिवसांत फूल? बियांपासून केलं तर दोन-तीन वर्षं सहज जातात.

तर मी विक्रेत्याला मेसेज केला. उत्तर लगेच, एकदम गोड. मॅडम, ही हायब्रिड आहे, काटे नंतर गळतात. मॅडम, तुमची माती अ‍ॅसिडिक नसेल. मॅडम, आमची निळी पावडर घ्या, पंधरा दिवसांत फरक. आणि हसू नका, मी ती पावडर पण घेतली! पाण्यात कालवली तर माझे हात दोन दिवस निळे होते, काटेमाठ हिरवाच. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली आणि पैसे परत मागितले, तर म्हणे परतीची मुदत माल मिळाल्यापासून १० दिवस.

म्हणजे बघा हं, उगवायला ३० दिवस थांबा म्हणणार आणि परत घ्यायची मुदत १० दिवस. कपडा फाटका निघाला तर त्याच दिवशी कळतं, बी खोटं निघालं हे कळेपर्यंत सगळे दरवाजे बंद झालेले असतात, आणि जो तो स्वतःलाच दोष देतो की पाणी जास्त झालं असेल, ऊन लागलं असेल. रिव्ह्यू पण मी मग नीट वाचले. पॅकिंग छान, डिलिव्हरी फास्ट, आजच पेरलंय बघू काय होतं. पाच स्टार, पाच स्टार. वाढलेल्या झाडाचा स्वतः काढलेला फोटो एकाचाही नाही. आणि मूळ फोटो मोठा करून पाहिला तर फुलाच्या निळ्या रंगाचा ओघळ पानावर पण आलेला, इतकं घाईत रंगवलेलं. तोच फोटो आणखी तीन दुकानांत होता, एकात लाल करून.

आता माझ्याकडे हायड्रेंजिया आहे, मावशीनं दिलेल्या कटिंगचं. फूल नसलेली कोवळी फांदी, वीतभर, खालची पानं काढून वरची दोन अर्धी कापायची, ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) खोचून वरून प्लास्टिकची पिशवी, आणि उन्हापासून लांब. महिन्याभरात मुळं धरली. दुपारी पानं अशी माना टाकतात की जीव घाबरतो, पण माती ओली असेल तर संध्याकाळी परत ताठ, तेव्हा लगेच बादलीभर पाणी ओतू नका.

बियांची खाज पण भागवली म्हणा, मावशीच्याच झाडावरचा वाळका गुच्छ पांढऱ्या कागदावर झटकला, पडलेली धूळ ओल्या मिश्रणावर भुरभुरली, वरून माती नाही, पाणी खालच्या ताटलीतून. अडीच आठवड्यांनी टाचणीच्या टोकाएवढे हिरवे ठिपके दिसले. किती उगवले ते मोजता आलं नाही, मला फार बरं वाटलं.

परवा ते दुकान परत दिसलं. नाव बदललंय, फोटो तोच, फक्त आता हायड्रेंजिया काळा केलाय. खाली लिहिलंय, ५० बिया.