चांदीच्या जेलच्या चकत्या: सात महिन्यांचा अनुभव

जानेवारीत दहा चकत्यांचं पाकीट मागवलं. नखाएवढ्या काचेवर चांदीच्या नॅनोकणांच्या जाळीचा पातळ थर. दिसायला काजळी धरल्यासारखा, चांदीची चकाकी अजिबात नाही. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीला माल खराब निघाला असंच वाटलं होतं.

फळाच्या सालीवरचं थायरम हे बुरशीनाशक रमण स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रेणूंवर लेझर टाकून परतलेल्या प्रकाशाच्या आलेखात, ओळखायचं, हे माझं काम. रमण परिणामात कोटीभर फोटॉनांतला (प्रकाशकणांतला) एखादाच रंग बदलून परततो, त्यामुळे रेणू थोडे असले की साध्या काचेवर काहीच हाती लागत नाही. 1974 मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला खडबडीत चांदीवरच्या पिरिडीन या रसायनाचा सिग्नल चांगलाच ठसठशीत मिळाला आणि हा मार्ग उघडला. कणाकणांमधल्या काही नॅनोमीटरच्या फटींत विद्युतक्षेत्र एकवटतं, तिथल्या रेणूचा सिग्नल लाखो पटींनी वाढतो. जेलमध्ये अशा फटी आतपर्यंत असतात आणि द्रावण स्पंजात मुरावं तसं मुरतं. सोनं, चांदी, प्लॅटिनम यांच्या नॅनोकणांचे असे जेल जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधक गटाने 2009 मध्ये मांडले, तेव्हापासून मला त्यांचं वेड आहे.

द्राक्षाच्या मण्यावर मीच थायरमचं पातळ द्रावण लावलं, वाळल्यावर ॲसिटोनच्या बोळ्याने पुसलं, तो अर्क चकतीवर टाकला. 785 नॅनोमीटरचा लेझर, दहा सेकंद. थायरमचं आलेखातलं टोक, म्हणजे 1380 cm⁻¹ च्या आसपासचं ‘पीक’, असं उभं राहिलं की मी खुर्चीतून उठले! साध्या काचेवर त्याच थेंबाचा मागमूस नव्हता. चकतीच्या मधल्या भागात जागा बदलली तरी पीक जवळपास तेवढंच येई. कडेला मात्र निम्म्यावर, म्हणून मी कडा सोडूनच देते.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. जूनमध्ये उरलेल्या चार चकत्या काढल्या तर सिग्नल पार बसलेला. थायरम चांदीला धरतो तो त्याच्यातल्या गंधकामुळे. तीच ओढ चांदीला हवेतल्या गंधकाकडेही नेते. देव्हाऱ्यातलं निरांजन पावसाळ्यात काळवंडतं तसंच हे, फक्त इथला थर इतका नाजूक की नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. त्यात मी पाकीट फोडून चकत्या रबरी बुचाच्या बाटलीत ठेवल्या होत्या आणि रबरात गंधक असतंच. पण सोबतच्या कागदावर ‘थंड, कोरड्या जागी ठेवा’ एवढंच होतं. ‘रबरापासून दूर ठेवा’ ही एक ओळ छापायला हवी होती, माझे तीन आठवडे वाचले असते.

महिनाभरात संपतील तेवढ्याच घ्या. रोज वापरण्याआधी ठरावीक द्रावणाचा एक थेंब एका चकतीवर तपासा. वर्षभर ठेवायच्या असतील तर सोन्याच्या बऱ्या, सिग्नल कमी मिळतो पण टिकतात.

ऑगस्टमध्ये मी पुन्हा याच मागवल्या. या वेळी आधी सील केल्याची तारीख विचारली, विक्रेत्याने पाकिटाचा फोटो पाठवला, मगच ऑर्डर दिली.