वर्गातलं सादरीकरण: पडद्यावरची चित्रं की घरची वस्तू?

नंदुरबार-धुळ्याकडे एकाच वर्गात अहिराणी, पावरी, भिली बोलणारी मुलं शेजारी बसतात. त्यांनी एकमेकांना आपली संस्कृती सांगायची, तर स्लाइड बऱ्या की वस्तू?

लांबचं दाखवायला स्लाइड हव्यातच. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावची राजवाडी होळी वर्गात आणता येत नाही. पण मुलं इंटरनेटवरचा मजकूर जसाच्या तसा चिकटवतात, मग ‘आदिवासी’ या एका शब्दात पावरा, भिल्ल, मावची सगळे कोंबले जातात. ६ स्लाइड पुरे, प्रत्येकीवर १ फोटो आणि २ ओळी.

वस्तूचं तसं नाही. मांडे म्हणजे मोठ्या, पातळ पुरणपोळ्या भाजायचं मातीचं खापर टेबलावर पालथं ठेवलं, की ते आतून काळं का, मांडा फुगीर बाजूवरच का टाकतात, तो हातावर एवढा मोठा होतो तरी फाटत कसा नाही, असे प्रश्न मागच्या बाकावरूनही येतात. म्हणून ५ मिनिटं बोलणं, १० मिनिटं प्रश्न. फक्त खानदेशातल्या कानबाई देवीच्या पूजेतलं किंवा देव्हाऱ्यातलं काही मागवू नका, आणि बाकीचंही घरच्यांना विचारूनच आणायला सांगा.

आमची पसंती वस्तूलाच. सांगणाऱ्याला आधी त्याच्या बोलीत बोलू द्या. मराठीत अर्थ नंतर.