पुंटो अबार्थच्या जागी मिनी कूपर एस: घाटरस्त्यांवर वापरल्यानंतर

डिचोलीत राहणाऱ्याला घाटांची चैन आहे. साखळी-केरीवरून चोर्ला, दोडामार्गातून तिळारी, उसगाव-मोलेवरून अनमोड. कुठल्याही बाजूला सकाळी लवकर निघालं तर जेवायला घरी परत येता येतं. माझी रविवारची गाडी हीच कामगिरी करते. ऑफिस, बाजार, पाहुणे यांसाठी घरात दुसरी गाडी आहे, त्यामुळे या गाडीकडून मला फक्त चालवण्याचा आनंद हवा होता.

आधी पुंटो अबार्थ होती. १.४ लिटरचं टी-जेट इंजिन, १४५ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), हातातले पाच गिअर आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग. रस्त्यावरची खडी मोजता यावी इतकं ते स्टिअरिंग बोलकं होतं. पण फियाटने भारतातला गाड्यांचा धंदा गुंडाळल्यावर हळूहळू सुटे भाग मिळेनासे झाले. साध्या रबरी बुशसाठी कोईमतूर ते दिल्ली फोन फिरवायचे आणि महिनाभर गाडी घरी उभी ठेवायची, हे किती दिवस करणार? गाडीवर माझा जीव होता. ती सांभाळू शकेल आणि ज्याच्याकडे सुट्या भागांचा साठा आहे, अशा माणसाकडेच दिली.

आता बदली गाडी शोधायची तर सगळे पहिल्यांदा पीएस विचारतात. मी रुंदी पाहत होतो. आपल्याकडे मजेचे रस्ते अरुंद आहेत. तिळारी घाटात समोरून पिकअप आली की आपल्या बाजूला गटार आणि दरड यांच्यात जेवढी जागा उरते, तेवढीच आपली. चोर्ल्यात रस्त्याची कड तुटलेली असते, म्हणजे कागदावरचा रस्ता आणि चाकाखालचा रस्ता वेगळा. पुंटो १६८७ मिलिमीटर रुंद. ऑक्टाव्हिया व्हीआरएस १८१४, गोल्फ जीटीआय १७८९, आय२० एन लाइनसुद्धा १७७५. कूपर एस १७२७. पुंटोपेक्षा दोन बोटं जास्त, बस्स. बंद वळणावर आपल्या लेनमध्ये राहून गाडीला थोडी आत-बाहेर हलवायला जागा उरते की नाही, हे या आकड्यावर ठरतं. २३० पीएसची रुंद गाडी त्या वळणावर नुसती सांभाळत न्यावी लागते.

ऑक्टाव्हिया व्हीआरएस मी चालवून पाहिली. मोपा विमानतळाच्या जोडरस्त्यावर आणि नव्या झुवारी पुलावर ती अप्रतिम चालते, डिकी तर संसार मावेल एवढी. एकच गाडी ठेवायची असती तर तीच घेतली असती. पोलो जीटीआय सगळ्यात अरुंद, तीन दारांची, १९२ पीएस, मनात भरलेली. पण २०१६ च्या शेवटी भारतात ती आली तीच ९९ गाड्यांपुरती, म्हणजे पुन्हा सुट्या भागांचा तोच फेरा. गोल्फ जीटीआयची १५० गाड्यांची पहिली खेप किंमत जाहीर होण्याआधीच संपली होती, आणि ५३ लाख हा माझा आकडाही नव्हे. एन लाइनला मॅन्युअल आहे, वॉरंटी आहे, पण १२० पीएसमध्ये पुंटोहून खाली उतरल्यासारखं झालं असतं.

शेवटी पुण्याहून २०१९ ची तीन दारांची कूपर एस आणली. २ लिटर टर्बो, १९२ पीएस, २८० न्यूटन मीटर टॉर्क, सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे क्लचच्या पेडलशिवायचा ऑटोमॅटिक. पावसाच्या तोंडावर आली आणि आता उन्हाळा तापलाय, म्हणजे गोव्याचे सगळे ऋतू तिने पाहिलेत.

सगळ्यात आधी टायरविषयी, कारण गाडीचं निम्मं वागणं तिथे आहे. माझ्या गाडीला १७ इंची रिम आणि २०५/४५ चे (२०५ मिलिमीटर रुंद, भिंत रुंदीच्या ४५ टक्के) रनफ्लॅट होते, म्हणजे पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे टायर. रनफ्लॅटची भिंत मुळातच कडक असते, त्यात ती बुटकी. उसगाव-तिस्कच्या रस्त्यावर, खनिजाच्या ट्रकांनी उखडलेल्या डांबरावर, प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या मणक्यात. गावोगावच्या रंबलर्सवर तर दात वाजायचे. मी १६ इंची रिम शोधून १९५/५५ चे साधे टायर घातले. व्यास जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून स्पीडोमीटर चुकत नाही, पण टायरची भिंत सुमारे १५ मिलिमीटरने वाढते. योगायोग म्हणजे पुंटोचंही हेच माप होतं. गाडी एकदम माणसात आली. वळणात आधी ती खड्ड्यावरून उडून बाजूला सरकायची, आता चाक जमीन धरून राहतं. मिनीत स्टेपनी नसते, त्यामुळे रनफ्लॅट काढले की पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप सोबत हवाच. रिम घेताना एक लक्षात ठेवा: स्कोडा-फोक्सवॅगनच्या रिमचे बोल्ट ५ बाय ११२ (११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच) म्हणजे मिनीसारखेच, पण मधलं भोक ५७.१ मिलिमीटरचं आणि मिनीचा हब, म्हणजे रिम ज्यावर बसतं तो मधला भाग, ६६.६ चा. ते रिम बसत नाहीत, विकणारा काहीही सांगो.

घाटात काय मिळतं? केरी सोडून चढ लागला की गिअरचा दांडा डावीकडे घ्यायचा. पुढे ढकलला की खालचा गिअर, मागे ओढला की वरचा. दुसरा आणि तिसरा, एवढ्या दोनच गिअरमध्ये अख्खा चोर्ला होतो. इंजिन दीड हजार आरपीएमच्या आतच पूर्ण टॉर्क देतं, त्यामुळे आडव्या वळणातून बाहेर पडताना वाट पाहावी लागत नाही. पुंटोत टर्बो जागा होईपर्यंत वळण संपलेलं असायचं. चाकं गाडीच्या चार टोकांना आहेत, पुढचं नाक आखूड आहे, म्हणून स्टिअरिंग वळवलं की गाडी त्याच क्षणी वळते. ताशी पन्नास-साठवर इतका आनंद देणारी दुसरी गाडी मी चालवलेली नाही, आणि आपल्या घाटांत त्याहून जास्त वेग लागतही नाही. लावूही नये. पहाटे चोर्ल्यात गवे रस्त्यावर उभे असतात, आणि काळ्या नंबरप्लेटच्या भाड्याच्या गाड्या अनेकदा मधल्या रेषेवरूनच येतात.

पावसात मात्र तिला समजून घ्यावं लागतं. दरडीची लाल माती डांबरावर उतरली की पुढची चाकं फिरू लागतात आणि स्टिअरिंग हातात ओढ घेतं. मी तेव्हा स्पोर्ट मोड बंद ठेवतो आणि एक गिअर वरचा वापरतो. दाट पावसात घाटाचा नादच सोडतो. जुलै २०२५ मध्ये अनमोडला रस्त्याचा भाग खचला, त्यानंतर पावसाळ्यात तिकडे फिरकलोच नाही. त्या काळात काणकोणच्या करमल घाटाने हौस भागवली.

आंबोलीला पावसाळी रविवारी या गाडीने जाऊ नका. चढावर रांगेत इंच-इंच सरकताना ड्युअल क्लच तापतो. रांग लागलीच तर पुढे चांगली मोकळी जागा होऊ द्या आणि मग एकदम सरका.

पुंटोची आठवण दोन ठिकाणी येते. क्लच दाबून गिअर टाकण्याची मजा गेली ती गेलीच. आणि मिनीचं स्टिअरिंग कितीही चपळ असलं तरी खालच्या रस्त्याची बातमी ते कमी देतं. ज्याला मॅन्युअलशिवाय करमतच नाही त्याने ही गाडी घेऊ नये, हे मी स्पष्टच सांगतो.

मागच्या सीटवर मोठं माणूस बसत नाही. डिकी २११ लिटर, पण सीट पाडल्यावर ७३१ होते आणि चतुर्थीला माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सगळं सामान, नारळाच्या पेंडीसकट, त्यात आलं. पेट्रोल घाटात लिटरला आठ-नऊ किलोमीटर, महामार्गावर चौदापर्यंत. मी ९५ ऑक्टेनचं भरतो. सर्व्हिसचं बिल साध्या हॅचबॅकच्या तिप्पट धरून चला.

घेताना छताच्या काचेभोवतीच्या पाण्याच्या वाटा तपासा. गोव्याच्या पावसात त्या तुंबल्या तर पाणी आत येतं. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. कमी चाललेल्या गाडीचे टायर दिसायला नवे आणि वयाने म्हातारे असतात. किनाऱ्याजवळ उभी राहिलेली गाडी असेल तर खाली वाकून पत्रे आणि बोल्ट नीट बघा, खारी हवा तिथे आधी लागते. महाराष्ट्रातून आणणार असाल तर तिथल्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी आधी हातात घ्या, मगच उरलेले पैसे द्या. इथला रोड टॅक्स किमतीतच धरा. माझ्या गाडीला आता जीए-०४ चा नंबर आहे. पुढचे दोन टायर या पावसाआधी बदलायला आलेत, माप तेच ठेवणार.