खिशातला ईसी मीटर : एका हंगामाचा अनुभव

बदनापूर तालुक्यात आमचं वीस गुंठ्यांचं पॉलीहाऊस आहे, आत ढोबळी मिरची. मागच्या उन्हाळ्यात पानांच्या कडा करपू लागल्या, शेंडे पिवळे पडले आणि फळाच्या टोकाला चामड्यासारखा काळपट डाग यायला लागला. खताच्या दुकानात पानं नेऊन दाखवली. "ताई, अन्नद्रव्य कमी पडतंय, डोस वाढवा." तीन आठवडे वाढवला, तर झाडं आणखीच बसली. मग दिरांनी हा पेनासारखा ईसी मीटर मागवायला लावला. पाण्यातून वीज किती वाहते (ईसी) त्यावरून त्यात क्षार किती ते हा सांगतो. 1,850 रुपये पडले.

पहिल्याच दिवशी 20 ग्रॅम माती 50 मिली डिस्टिल्ड पाण्यात ढवळून अर्धा तास ठेवली. ड्रीपरजवळच्या मातीचं रीडिंग 1.3 (मिलिसिमेन्स प्रति सेंटीमीटर) आलं. बेडच्या कडेला पांढरी पापडी धरली होती, तिथं 3.4! अशा मापात 1 च्या आत असलं म्हणजे माती चांगली, आणि ढोबळी मिरचीला खार फारसा सोसत नाही. आमच्या बोअरचं पाणीच खत न मिसळता 1.4 होतं. आत पाऊस पडत नाही, त्यामुळे टाकलेलं सगळं आतच राहतं आणि ड्रीपचं पाणी क्षार ढकलत बेडच्या कडेला नेऊन ठेवतं.

फळावरच्या डागाचं कोडं मला इथं सुटलं. आमच्या चुनखडीच्या रानात कॅल्शियमला तोटा नाही. पण तो पाण्याबरोबरच वर चढतो, आणि खारट मातीतून मुळांना पाणी ओढता येत नाही. जेवण समोर होतं, झाडाला खाता येत नव्हतं. आणि आम्ही वरून खत ओतत होतो. त्या तीन आठवड्यांचं अजून वाईट वाटतं.

डोस निम्मा केला. क्लोराइडवालं म्युरेट ऑफ पोटॅश बंद करून 0:0:50 (सल्फेट ऑफ पोटॅश) घेतलं. पावसाळ्यात छताचं पाणी पन्हळीतून टाकीत घेतलं. त्याचं रीडिंग शून्याच्या आसपास. त्यानं बेड धुतले, पण टप्प्याटप्प्यानं आणि आधी चर मोकळे करून, कारण काळ्या मातीत एकदम पाणी सोडलं तर मुळं गुदमरतात. दीड महिन्यात कडेचं रीडिंग 3.4 वरून 1.6 वर आलं. नवीन फळं बिनडागी.

शेंडे मात्र पिवळेच राहिले. मीटर क्षार किती ते सांगतो, कोणता ते सांगत नाही. प्रयोगशाळेतून माती तपासली तेव्हा सामू (पीएच) 8.2, म्हणजे विम्लधर्मी निघाला, म्हणजे लोह मातीत असून झाडाला मिळत नव्हतं. एवढ्या सामूला ईडीटीएचं (लोह धरून ठेवणारं एक चिलेट) लोह टिकत नाही. ईडीडीएचए या दुसऱ्या चिलेटचं लोह दिल्यावर पंधरा दिवसांत शेंडे हिरवे झाले. म्हणून मीटर घेतला तरी माती परीक्षण सोडू नका.

तक्रारीही आहेत. माहितीपत्रक मराठीत नाही. मीटर जुळवायला 1413 चं (मायक्रोसिमेन्स, म्हणजे 1.413 ईसीचं) कॅलिब्रेशनचं पाणी वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि ते न वापरल्यानं दोन महिन्यांत माझा मीटर 0.2 नं चुकायला लागला. पीपीएमचं (दहा लाख भागांत क्षाराचे किती भाग) बटण तर फारच घोळ घालतं. एकाच पाण्याला माझा मीटर 700 दाखवायचा आणि शेजारच्या दादांचा 896. दोन्ही बरोबर होते. एक मीटर ईसीला 500 नं गुणतो, दुसरा 640 नं. त्यामुळे वहीत फक्त ईसी लिहा, पीपीएमकडे बघूच नका.