मुदलियार आडनावाचा इतिहास, फ्रेमसकट: दीड हजारांत काय मिळालं

आडनाव टाइप करायचं, पैसे भरायचे, की आठवडाभरात ‘तुमच्या घराण्याचा इतिहास’ फ्रेम होऊन घरी येतो. अशा सेवा हल्ली बऱ्याच निघाल्यात. मी घेतली तिचं नाव लिहीत नाही, कारण नंतर आणखी एक-दोन ठिकाणचे नमुने पाहिले तर साचा सगळ्यांचा तोच. सासऱ्यांच्या, म्हणजे अप्पांच्या, पंचाहत्तरीला द्यायला म्हणून मागवली होती. आडनाव मुदलियार. घर पुण्यात रास्ता पेठेत, सासरे खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त, मूळ गाव कांचीपुरमच्या बाजूला आणि मी माहेरची पाटील. ही माहिती पुढे लागणार आहे.

आधी चांगलं सांगून टाकते. फ्रेम उत्तम. कोपरे जुळलेले, काच स्वच्छ, मागे अडकवायला पितळी कडी. पार्सलही नीट गुंडाळलेलं होतं.

आत मात्र एक ढाल. ढालीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह, पंजात तलवार, आणि खाली रिबिनीवर इंग्रजी अक्षरांत मुदलियार. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवून ते जवळून पाहिलं आणि विचारलं, “अगं, हा कुठल्या सिगरेटच्या पाकिटावरचा गं?” ढाली-बिलींची ही प्रथा युरोपातल्या सरदारांची, तमिळ विणकराच्या घरात ती कुठून येणार? आणि चिन्ह द्यायचंच होतं तर तेही हाताशी होतं. आमच्याकडचे मुदलियार म्हणजे सेंगुंदर, पिढीजात विणकर. सेंगुंदर या नावातच लाल भाला आहे, आणि मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, सैन्यातले नऊ वीर हे आपले मूळपुरुष अशी त्यांची कथा. त्या सिंहाऐवजी नुसता एक भाला काढला असता तरी अप्पांनी ती फ्रेम देवघराशेजारी लावली असती.

सोबतच्या पुस्तिकेत अर्थाचं पान बरं आहे. तमिळमध्ये ‘मुदल’ म्हणजे पहिला, आरंभीचा. भांडवलालाही मुदलच म्हणतात, आणि कारखान्याचा मालक तो मुदलाळी. शेवटचा ‘आर’ हा मानाचा. अय्यर, चेट्टियार, नाडार, देवर, सगळीकडे तोच. थोडक्यात, मुदलियार म्हणजे पहिल्या मानाचे गृहस्थ. इथपर्यंत सगळं ठीक.

मग पुढच्याच पानावर ‘मुदलियार ही एक प्राचीन जमात’ असं छापलंय, तिथे गाडी रुळावरून उतरते. मुदलियार ही मुळात पदवी. तोंडैमंडलातले, म्हणजे कांचीपुरमच्या आसपासच्या मुलखातले, जमीनदार वेळ्ळाळर ती लावतात, विणकर सेंगुंदर लावतात, अगमुडैयारही लावतात, आणि ही सगळी वेगवेगळी माणसं. श्रीलंकेत तर पोर्तुगीज, डच आणि इंग्रज अशा तिन्ही राजवटींत मुदलियार हा चक्क सरकारी हुद्दा होता. मला हे समजावून सांगायची कुणाला गरज पडली नाही. आमच्याकडे पाटील मराठ्यांत आहेत, आगरी-कोळ्यांत आहेत, लिंगायत आणि जैनांतही आहेत. उद्या कुणी ‘पाटील ही एक प्राचीन जमात’ असं छापलं तर माझे काका त्याच्या घरी जाऊन येतील.

आता नकाशा. हा या सेवेचा मुख्य माल, जाहिरातीतही तोच दाखवतात: तुमचं आडनाव कुठे किती चालतं. आमच्या नकाशात महाराष्ट्र गडद केशरी आणि तमिळनाडू फिका. खाली बारीक अक्षरांत निष्कर्ष: ‘या आडनावाचा उगम पश्चिम भारतात झाला असण्याची शक्यता आहे.’

इथे मी हात टेकले.

रंग कदाचित बरोबरही असेल. पण तमिळनाडू फिका का, हे विचारायची तसदी तिथे कुणी घेतलेली नाही. तिकडे आपल्यासारखं आडनाव लावायची पद्धतच नाही. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर पुढे लावायचं आणि मग आपलं नाव. एम. के. स्टालिन म्हणजे मुथुवेल करुणानिधी स्टालिन. त्यातलं स्टालिन एवढंच त्यांचं स्वतःचं. बुद्धिबळातल्या विश्वनाथन आनंदचं नाव आनंद, विश्वनाथन त्याचे वडील. आपल्याकडच्या बातम्यांत त्याला कित्येक वर्षं ‘विश्वनाथन’ म्हणून त्याच्या वडिलांनाच खेळवलं. मुदलियार, पिळ्ळै, नायकर वगैरे पदव्या नावामागे यायच्या, त्या जातिवाचक म्हणून टाकून द्याव्यात असं पेरियार रामसामींच्या जातिविरोधी स्वाभिमान चळवळीने 1929 साली चेंगलपट्टूच्या परिषदेत ठरवलं. पेरियारांनी स्वतःच्या नावातलं नायकर काढून टाकलं. त्यानंतर हळूहळू शाळेच्या दाखल्यावरून, मतदार यादीतून, दुकानाच्या पाटीवरून या पदव्या कमी होत गेल्या. माणसं तिथेच होती, नावाची शेपटी तेवढी गेली.

उलट जे बाहेर पडले, त्यांना ती शेपटी लावून घ्यावी लागली. अप्पांचे वडील खडकीला नोकरीला लागले तेव्हा अर्जात पहिलाच रकाना ‘आडनाव’. लिहिलं मुदलियार. त्यांचे सख्खे भाऊ कांचीपुरमला राहिले. त्यांच्या नातवंडांपैकी एकाच्याही कागदावर मुदलियार नाही. म्हणजे तो केशरी रंग दाखवतो काय, तर आडनावाचा रकाना रिकामा सोडू न देणारे कारकून कुठे बसले होते ते! दक्षिण आफ्रिकेतही हेच झालं. 1860 मध्ये ‘ट्रुरो’ जहाज मद्रासहून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, घेऊन डर्बनला पोचलं, आणि तिकडच्या दफ्तरांत मुदलियारांचे मूडली झाले, गौंडरांचे गोव्हेंडर. आमच्या पुस्तिकेत दक्षिण आफ्रिका कोरी आहे. मूडली हे ‘वेगळं आडनाव’ धरलंय ना! त्याचा अहवाल वेगळा, पैसेही वेगळे.

सोबत ऑनलाइन वंशवृक्षही मिळतो. त्यात कांचीपुरमच्या चुलत भावंडांची नावं घालायला बसले. आडनाव रिकामं ठेवलं तर पान पुढेच जात नाही. आद्याक्षर घातलं तर ‘किमान तीन अक्षरं हवीत’. शेवटी वडिलांचं नाव आडनावाच्या जागी घातलं, तर बाप आणि लेकाचं आडनाव जुळत नाही म्हणून दोघांच्या मध्ये लाल त्रिकोण आणि ‘नातं तपासा’. अप्पांच्या काकांच्या सगळ्या शाखेवर हे त्रिकोण लटकलेत. काकू हयात असत्या तर काय बोलल्या असत्या, देव जाणे.

‘प्रसिद्ध मुदलियार’ हे पान वाचून नवरा खुर्चीवरून पडायचा बाकी होता. आर्काटच्या जुळ्या भावांचा त्यांनी एकच माणूस केलाय. ए. रामस्वामी मुदलियार संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आणि सामाजिक परिषदेचे 1946 मधले पहिले अध्यक्ष, ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार डॉक्टर, मद्रास विद्यापीठाचे सत्तावीस वर्षं कुलगुरू. पुस्तिकेतल्या ‘ए. मुदलियार’ यांनी हे सगळं एकट्याने उरकलंय. आणि त्यांच्या खालीच, ‘मुंबईतील उद्योजक व गणेशभक्त’ म्हणून वरदराजन मुदलियार! माटुंग्याच्या वरदाभाईचा गणपती गाजायचा हे खरं, पण उद्योग कसले, तर हातभट्टीचे आणि स्मगलिंगचे, हे मुंबईत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अप्पा म्हणाले, “हे पान पाहुण्यांना दाखवू नको.”

तक्रार केली. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, नम्र होतं: माहिती संगणकीय पद्धतीने संकलित केलेली असते, पैसे परत मिळणार नाहीत, मात्र माहेरच्या आडनावाच्या अहवालावर वीस टक्के सूट. पाटलांचा सिंह कसा दिसतो ते बघायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू.

पाचपैकी दोन तारे. एक फ्रेमला, एक अर्थाच्या पानाला. तरीही घेणारच असाल तर वंशवृक्षाचा जोड घेऊ नका, त्याचे चारशे वाचतील. आणि स्पेलिंग आधी आधार कार्डावर बघून घ्या. आमच्याकडे तीन कागदांवर तीन तऱ्हा आहेत, आणि एकदा ऑर्डर दिली की एका अक्षराच्या दुरुस्तीलाही दीडशे रुपये लावतात.