पद्मिनीचा मास्टर सिलिंडर घेताना माझी झालेली फसवणूक

जुनी गाडी घरी उभी करणाऱ्यांनी हे वाचाच. बाबांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी दोन वर्षं अंगणात खोलून पडली होती, इंजिन झालं, वायरिंग झालं, शेवटी ब्रेक राहिले. कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन जमाना झाला त्यामुळे पार्ट शोधायचे म्हणजे जुन्या मार्केटमध्येच, तिथे एका दुकानदाराने मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो भाग) दाखवला, काळा कुळकुळीत, तेलकट कागदात गुंडाळलेला, म्हणाला साहेब कंपनीचा जुना स्टॉक आहे, एकदाही गाडीला लागलेला नाही. ४२०० रुपये दिले, बिल मागितलं तर म्हणे जुन्या मालाला बिल नसतं. तिथेच मी उठायला हवं होतं.

मग तो बसवून तीन रविवार एअर काढण्यात, म्हणजे ब्रेकच्या पाइपांत अडकलेली हवा बाहेर घालवण्यात गेले. मुलगा सीटवर, मी चाकाखाली, दाब, धर, सोडू नको. आधी मागचं डावं चाक, कारण ते सगळ्यात लांब, मग बाकीची. चाकामागच्या निपलमधून (हवा सोडायचं तोंड) एक बुडबुडा येत नाही, सगळं स्वच्छ ऑइल, तरी पेडल खाली. चारही ड्रमचे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवतात ते) अॅडजस्ट केले, कारण शू ड्रमपासून लांब असले तरी पेडल खाली जातं आणि दोनतीनदा पंप केलं की वर येतं, आपल्याला वाटतं हवाच आहे. थोडा फरक पडला. पण एक गोष्ट विचित्र होती, जोरात दाबलं की पेडल दगडासारखं, आणि हळूच पाय ठेवून धरलं की सावकाश खाली खाली जात फ्लोअरला टेकायचं, बाहेर कुठेही गळती नाही. गल्लीत दहाच्या स्पीडला गाडी काढली तर स्पीडब्रेकरजवळ तेच झालं, हँडब्रेक ओढून थांबवली. शेजारी मुलगा बसला होता. अजून आठवलं तरी पोटात गोळा येतो.

उलगडा कसा झाला तर सिलिंडरवर ब्रेक ऑइल सांडलं होतं तिथला काळा रंग फुगून सुटला (ब्रेक ऑइल रंग खातंच), फडक्याने पुसलं तर खाली गंजाचे खड्डे. काढून खोलला. सर्कलिपवर (पिस्टन आत अडवून ठेवणारी रिंग) पक्कडीचे ओरखडे, आणि बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोकळीत, बॅटरी मारली तर पॉलिश पेपरच्या आडव्या रेघा, मधेमधे सुईने टोचल्यासारखे काळे ठिपके. जुना सिलिंडर घासून, नवीन रबर घालून, रंग मारून विकला होता. हळू दाबलं की रबराच्या बाजूने ऑइल मागे निसटत होतं, कितीही एअर काढा काय उपयोग.

दुकानदाराकडे घेऊन गेलो तर म्हणाला, तुम्हाला एअर काढता येत नाही, माझा माल ओके आहे. माझ्याकडे फक्त पेमेंटचा स्क्रीनशॉट. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार टाकली आहे, बघू.

घेतानाच दुकानात सर्कलिप काढायला लावा, पिस्टन बाहेर घ्या, बॅटरीने बोअर बघा, करंगळीचं नख फिरवा, नख अडकलं तर घेऊ नका. आणि घेऊन झाला असेल तर पाइप सोडून सिलिंडरची तोंडं प्लगने बंद करा, आतली हवा काढा आणि पेडल हळू दाबून मिनिटभर धरा, जरा जरी खाली गेलं तर दोष सिलिंडरचाच, चाकांकडे जाऊच नका. मी हे पहिल्या रविवारी केलं असतं तर मुलाला त्या गाडीत बसवलंच नसतं.