लेहचं तिकीट काढलंय, आता कॅमेरा कुठला? ३५ मिमी, १२० की ४×५

लडाखला फिल्मवर निसर्गचित्रं काढायची ठरली की गप्पा निगेटिव्हच्या आकारापासून सुरू होतात. ३५ मिमीची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची, १२० या रुंद रोल फिल्मवरची ६×७ सेंटिमीटरची चौकट तिच्या साधारण साडेचारपट आणि सुट्या शीटवरची ४×५ इंचाची जवळजवळ तेरापट. मोठ्या निगेटिव्हची प्रिंट सरस येते, याबद्दल वाद नाही. पण विमानाने जाणार असाल तर आधी दोन गोष्टींचा हिशेब करा: केबिन बॅगेचे ७ किलो आणि सुरक्षा तपासणीचं मशीन.

माझा कौल आधीच सांगतो. बॅटरीशिवाय चालणारा १२० चा कॅमेरा, एखाददुसरी लेन्स आणि आयएसओ १०० च्या आसपासची फिल्म (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा; तो कमी तितकी फिल्म मंद).

७ किलोंचा प्रश्न येतो कारण न धुतलेली फिल्म चेक-इनच्या बॅगेत टाकता येत नाही. तिथल्या मशीनचा मारा इतका जोरदार असतो की आयएसओ ५० ची फिल्मही त्यातून सुखरूप येईल याचा भरवसा नाही. जुनी मेकॅनिकल बॉडी आणि लेन्सही त्या पट्ट्यावर सोडवत नाहीत. म्हणजे कॅमेरा, लेन्स, फिल्म, प्रकाश मोजायचं मीटर आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या (त्या नियमानेच केबिनमध्ये न्याव्या लागतात) हे सगळं ७ किलोंत बसवायचं. वर लेहमध्ये थंडी असल्यामुळे जाड जॅकेट, तेही अंगावरच. ट्रायपॉड, त्याच्या पान्यांसकट, खुशाल चेक-इनमध्ये जाऊ दे. केबिनमध्ये नेण्यावरून गेटवर वाद घालण्यात अर्थ नाही.

| संच | अंदाजे वजन | एका रोलमधले फोटो |
|---|---|---|
| निकॉन एफएम२ आणि तीन लेन्स | दीड किलोच्या आत | ३६ |
| याशिका मॅट १२४जी | सव्वा किलोच्या आत | १२ |
| फुजी जीडब्ल्यू६९० | दीड किलो | ८ |
| हॅसलब्लाड ५००सीएम, ८० मिमी लेन्स आणि फिल्म बसवायची बॅक | दीड किलो | १२ |
| मामिया आरबी६७, एक लेन्स आणि बॅक | अडीच किलोच्या वर | १० |
| ४×५ फील्ड कॅमेरा | सव्वा ते तीन किलो, शिवाय लेन्स आणि शीट ठेवायचे होल्डर | एका होल्डरमध्ये २ |

तीन लेन्स घेऊनही दीड किलोच्या आत, त्यामुळे वजनात ३५ मिमीला तोड नाही. पण खरी परीक्षा तपासणीच्या टेबलावर होते आणि तिथे हे तीन प्रकार अगदी वेगवेगळे वागतात.

आधी मशीनबद्दल. केबिन बॅगेच्या जुन्या एक्स-रे मशीनमधून आयएसओ ४०० पर्यंतची फिल्म दोन-चारदा गेली तरी सहसा काही बिघडत नाही. मात्र परिणाम साठत जातो, दरवेळी थोडी भर पडते. नवी सीटी मशीनं ही वेगळीच भानगड आहे. ती बॅगेचे चहूबाजूंनी काप घेतात, त्यामुळे फिल्मवर पडणारा मारा कितीतरी जास्त. न धुतलेली फिल्म सीटीमधून नेऊच नका, असं कोडॅक आणि इलफर्ड दोघंही सांगतात. फटका बसलेल्या निगेटिव्हवर धुकं चढतं आणि सावल्यांमधला तपशील आधी जातो. स्लाइड फिल्ममध्ये काळा रंग मळकट होतो. ओळखायची सोपी खूण: लॅपटॉप बॅगेतच राहू द्या असं सांगितलं, तर मशीन बहुधा सीटीचं आहे. परदेशात ही मशीनं सर्रास आहेत, आपल्याकडे ठिकाणानुसार जुनं किंवा नवं भेटतं. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांकडून स्वस्तात फिल्म मागवणाऱ्यांनी दोन गोष्टी बजावून सांगाव्यात: चेक-इनमध्ये टाकू नका, आणि विमानतळावर हाताने तपासायला सांगा. तिथे तशी मागणी करता येते.

आपल्याकडे मोठ्या विमानतळांवर तपासणी सीआयएसएफकडे असते आणि हाताने तपासायचं की नाही हे समोरच्या जवानाच्या हातात असतं. तो ऐकेलच असं नाही, पण तयारी असेल तर शक्यता वाढते. रोल खोक्यातून आणि डब्यातून काढून पारदर्शक झिपच्या पिशवीत ठेवा, रांगेत गर्दी नसताना पुढे व्हा आणि शांतपणे म्हणा, ‘सर, कॅमेरे की रील है, मशीन में खराब हो जाती है.’ इथे ३५ मिमीवाल्याचं काम सोपं होतं. पत्र्याची डबी हातात घेऊन उलटसुलट बघता येते, पुसून स्फोटकांची चाचणी करता येते, उघडण्यासारखं त्यात काही नसतं.

१२० ला जरा डोळ्यात तेल घालून उभं राहावं लागतं. ही फिल्म कागदात गुंडाळलेली, शेवटी एक चिकटपट्टी. तपासणारा हातमोज्यातल्या अंगठ्याने ती पट्टी सहज उचकटू लागतो आणि कागद सैल झाला की कडांवरून प्रकाश आत शिरतो. पट्टीवर आडवं रबर लावून ठेवा. रोल गच्च बसतो आणि उलगडायची वस्तू नाही हे न बोलता कळतं.

४×५ ची मात्र पुरती कोंडी होते. शीट फिल्मचा डबा अंधाराबाहेर उघडला की आतली सगळी शीट वाया. म्हणजे हाताने तपासा अशी विनंती करणं हाच इथे मोठा धोका! जुनं एक्स-रे मशीन असेल तर डबा मुकाट्याने त्यातूनच जाऊ द्यावा. मशीन सीटीचं निघालं तर दोन्हीकडून मरण. जाताना कंपनीचं सील असलेला डबा आणि रिकामे होल्डर नेता येतात. परतताना चित्रं काढलेली शीट तुम्ही स्वतः चिकटपट्टी लावलेल्या डब्यात असतात आणि घरगुती चिकटपट्टी लावलेला डबा पाहून कुणालाही तो उघडावासाच वाटणार. शिवाय रात्री हॉटेलात चेंजिंग बॅगेत (प्रकाश आत न येणाऱ्या पिशवीत) हात घालून होल्डर भरायचे, तेही लडाखच्या कोरड्या, धुळकट हवेत.

फिल्म एक्स-रेपासून वाचवायला शिशाच्या पिशव्यांचा सल्ला हमखास मिळतो. पडद्यावर काळा ठोकळा दिसला की बॅग बाजूला काढतात किंवा पुन्हा मशीनमधून नेतात. सीटीपुढे अशा पिशवीचा भरवसा नाही, वजन मात्र वाढतं. मी तरी घेणार नाही.

फिल्म कुठली, हा प्रश्न यामुळेच आकाराइतका महत्त्वाचा होतो. एक्टार १००, पोर्ट्रा १६०, एफपी४ किंवा वेल्व्हिया ५० अशी मंद फिल्म मशीनला जास्त दाद देत नाही. डेल्टा ३२०० किंवा ८०० टी अशी वेगवान फिल्म घरी ठेवा. लडाखच्या उन्हात त्यांची गरजही नाही. मुंबई किंवा पुण्याहून दिल्लीमार्गे जाताना टर्मिनल बदलावं लागलं तर तपासणी पुन्हा होते, म्हणजे येऊन-जाऊन चारदा. हे सगळे फेरे धरून फिल्म निवडा आणि धुण्याचं काम परत आल्यावरच करायचं असं धरून चला.

कॅमेऱ्यात अर्धा राहिलेला रोलही मशीनमधून जातोच. एफएम२ मध्ये किती फोटो झाले तो आकडा लिहून ठेवून रोल मागे गुंडाळता येतो. १२० मध्ये तशी सोय नाही, उरलेले फोटो हॉटेल सोडण्यापूर्वी काढून टाका. लेहचा विमानतळ हवाई दलाचा, तिथे फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे शेवटचे दोन फोटो तिथे संपवू असं मनात आणू नका.

आता १२० मधला कुठला? आरबी६७ च्या लेन्स उत्तम, पण तो स्टुडिओतला गडी. ३,२५० मीटरवर उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसता जिना चढताना दम लागतो, तिथे तीन-चार किलोंचा संच खांद्यावर घेऊन लामायुरूचे टेकाड चढायची हौस लवकर फिटते. पेंटॅक्स ६७ आणि मामिया ७ चं शटर बॅटरीवर चालतं आणि पँगाँगच्या पहाटे बॅटरी केव्हा दगा देईल सांगता येत नाही. फुजी जीडब्ल्यू६९० ला बॅटरी लागत नाही, मीटरही नाही. डोंगररांगांना साजेशी लांबट चौकट मिळते, पण ८ फोटोंत रोल संपतो आणि लेन्स बदलता येत नाही. बजेट कमी असेल तर याशिका मॅट घ्या. तिचं मीटर बंद असलं तरी शटर चालतं, आणि लडाखच्या स्वच्छ उन्हात ‘सनी सिक्स्टीन’ने (लख्ख उन्हात अॅपर्चर एफ/१६ आणि शटर फिल्मच्या आयएसओइतकं, म्हणजे आयएसओ १०० ला साधारण १/१००, हा मीटरशिवायचा नियम) काम भागतं. ५००सीएम आधीपासून घरात असेल तर प्रश्नच मिटला, पण या सहलीसाठी मुद्दाम विकत घेऊ नका.

३५ मिमी कुणी न्यावा? ज्यांच्याबरोबर कुटुंब आहे, गाडी फोटोसाठी वाटेल तिथे थांबणार नाही आणि प्रिंट फार मोठी करायची नाही, त्यांनी. ट्रायपॉडवर ठेवून मंद फिल्मवर काढलेला ३५ मिमीचा फोटो हातात धरून घाईत काढलेल्या ६×७ ला सहज मागे टाकतो.

आणि ४×५ चाच हट्ट असेल तर विमान सोडा. मनालीहून रस्त्याने जा. वेळ जाईल, पण उंचीची सवय होत जाते आणि डबा कुणी उघडत नाही. फक्त वाटेत दिल्लीला उतरलात तर मेट्रोने जाऊ नका. तिथे प्रत्येक स्टेशनवर बॅग मशीनमधून जाते. सरळ रिक्षा करा.